काकाजींचं 'तुम्ही'

काकाजी एखाद्या जनावराला 'तुम्ही' म्हणाले की घरच्यांनी फावडं शोधायला लागावं, असं आमच्या भिलाईच्या हुडको कॉलनीत म्हणत. मी तिथे नवीन राहायला आले तेव्हा मला ती थट्टा वाटली होती.

ते आमचे घरमालक. गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, मग रिटायर झाले. मूळचे आर्वीकडचे. पुढच्या दोन खोल्या त्यांच्या, मागची एक खोली आणि पडवी आमची, मधे एका विटेची भिंत. त्या भिंतीतून त्यांचा खोकला, स्टोव्हला मारलेला पंप, खाटेची करकर, सगळं ऐकू यायचं. म्हणजे आमचंही त्यांना ऐकू जात असणार, या विचाराने मी पहिले सहा महिने कुजबुजतच बोलले. आमचे हे पोलादाच्या प्लांटमध्ये खलाशी, म्हणजे जड सामान हलवणारे कामगार होते. ड्यूटीवरून आले की विचारायचे, "घसा बसला का तुया?"

काकाजी माणसांना सरसकट 'तू' म्हणत. पोस्टमनला, किराणेवाल्याला, सेक्टर दहाहून कुत्रं दाखवायला आणणाऱ्या ऑफिसरला आणि त्याच्या बायकोलाही. जनावरांनाही 'तू', आणि वर शिव्या. गोठ्यात शिरले की पहिली शिवी, मग इंजेक्शन. ऑफिसरच्या कुत्र्याला त्यांनी एकदा दहा मिनिटं न थांबता झापलं होतं, त्याच्या आईबापापर्यंत गेले. तो ऑफिसर मान खाली घालून ऐकत होता, जसं काही त्यालाच चाललंय. कुत्रं तिसऱ्या दिवशी उठून भाकर खाऊ लागलं.

मी त्यांचं 'तुम्ही' पहिल्यांदा ऐकलं ते राऊताच्या म्हशीपाशी. राऊत म्हणजे आमच्याकडे दूध घालणारा, कॉलनीच्या मागे त्याचा गोठा होता. म्हैस व्याली आणि तिने चारा सोडला. काकाजींना बोलावलं. आम्ही बायका लांब उभ्या, मी सगळ्यांच्या मागे. त्यांनी म्हशीच्या पोटाला कान लावला, डोळ्याची पापणी वर केली, ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला. मग डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बसा, माय. लय दूध देल्लं तुमी. आता बसा."

राऊताची बायको तिथेच रडायला लागली. मला कळेना, म्हैस तर उभी आहे, ही रडते कशाला? सकाळी म्हैस मेलेली होती.

तेव्हापासून मला माहीत झालं. काकाजी कुठल्या गोठ्यात गेले की बाहेर उभे असलेले लोक हळूच छत्तीसगढीत विचारायचे, "गारी देवत हे का?" आतला कोणीतरी सांगायचा, "देवत हे." मग सगळे बिड्या पेटवायचे. शिव्या देतोय म्हणजे वाचणार.

ह्यांनी एकदा त्यांना विचारलं, असं कावून करता म्हणून. तेव्हा ते म्हणाले, "जाणाऱ्याले मान द्यावा. राहणाऱ्याले शिव्या द्याव्या, म्हंजे त्याले वाटते का आपलं काम बाकी आहे."

ह्यांना हसू आलं. मला नाही आलं. सकाळी नळावर काकाजी दिसले की मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते "ए पोरी, बादली हटव" म्हणाले की माझा दिवस सुरू व्हायचा. एखाद्या दिवशी ते काहीच न बोलता गेले, तर मी दुपारपर्यंत स्वतःची नाडी धरून बघायची.

अंगणात त्यांच्या डालड्याच्या तीन डब्यांत तीन सदाफुल्या होत्या. एक गडद गुलाबी, एक फिकी, एक पांढरी. त्या पूजेसाठी नव्हत्या. जनावर आलं की ते तिन्हींचं एकेक फूल खुडायचे, जनावराचा ओठ उचलायचे आणि हिरडीशी फूल धरायचे. गडदशी जुळलं तर जा घरी. फिक्याशी जुळलं तर गूळ, लोखंडाचं औषध, हिरवा चारा. पांढऱ्याशी जुळलं तर ते बोलायचेच नाहीत. ते म्हणायचे, पुस्तकात रंग छापलेला असतो पण तो उडतो, हे रोज ताजं उमलतं. माणसांचेही ओठ बघायचे. माझ्याकडे एकदा फूल घेऊन आले आणि म्हणाले, पापणी खाली ओढ. मी घरात पळाले आणि कडी लावली. मग दिवसभर वाटत राहिलं, त्यांना काय दिसलं असेल?

चहाचं त्यांचं एकच भांडं होतं. त्यात आधी सुई उकळायची, मग तेच भांडं विसळून चहा. आम्हाला कधी चहा दिला की हे बाहेर जाऊन जास्वंदीच्या बुंध्याशी ओतायचे. ती जास्वंद फार चांगली फुलायची.

आता त्या एका जनावराचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले.

मी तेव्हा सेक्टर दहामध्ये एका रशियन साहेबांकडे भांडी आणि झाडू-पोछा करायची. हे त्याच साहेबांच्या हाताखाली होते. तेव्हा भिलाईत रशियन कुटुंबं होती, बाजारात त्यांच्या बायका दिसायच्या, बोटांनी भाव करायच्या. आमची मॅडम उंच, थोराड, मोठ्याने हसणारी. तिने एक जनावर पाळलं होतं. मुंगसासारखं लांब, पण अंग सायीच्या रंगाचं, डोळ्यांभोवती कोणी काजळ फासल्यासारखं. त्यांच्या भाषेत त्याला खोर्योक म्हणतात. त्यांच्याकडे असली जनावरं कातडीसाठी पाळतात, पण हिला मॅडमने पोटच्या पोरीसारखं ठेवलं होतं. ती दिवसातले बहुतेक तास साहेबांच्या जुन्या कोटाच्या कापून काढलेल्या बाहीत झोपायची आणि उठली की घरभर उलट्या उड्या मारायची. नाव माशा. मी आमच्या घरांच्या ओळीत सांगितलं की मॅडमकडे माशा आहे, तर शेजारीण म्हणाली, "बाप्पा, इतके पैसेवाले, अन् घरात माश्या?"

त्या वर्षी थंडी संपता संपता साहेब आणि मॅडम चार-पाच महिन्यांसाठी त्यांच्या देशाला निघाले. मॅडमने माशाला ठेवायची पेटी, कोटाची बाही आणि माशा माझ्या हातात दिली, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, "मेरा बेटी." तिला हिंदी इतकंच यायचं. मला नाही म्हणता आलं नाही. मला कोणालाच कधी नाही म्हणता आलं नाही. रिक्षात पेटी मांडीवर घेतली तेव्हा आतून नखांचा आवाज येत होता.

हे संध्याकाळी पेटीकडे बघून म्हणाले, "हिले काही झालं त मी साहेबाले तोंड कसं दाखवू?" एवढंच म्हणाले, रागावले नाहीत. पण ते वाक्य त्या दिवसापासून माझ्या पोटात जाऊन बसलं.

काकाजींनी माशाला मानगुटीला धरून उचललं. तशी धरली की ती मोठी जांभई द्यायची, ती जातच तशी. काकाजी म्हणाले, "मले जांभया देते? बह्याड कुठली. मी काय पोथी वाचून राहिलो का?" शिवी ऐकली आणि मला बरं वाटलं.

ओळीतल्या लोकांनी मात्र ते पांढरं मुंगूस ठरवलं. सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो. पहिल्या पाळीला निघालेले दोघं-तिघं सायकल टेकवून आमच्या पडवीत डोकवायचे. काकाजी त्यांना हाकलायचे, "हे मुंगूस नाही. हिले पाहून काही होत नाही. ड्यूटीवर जा, नाही त तिकडं हजेरी जाईल."

होळीनंतर एक दिवस पेटी साफ करताना मला दिसलं. माशाच्या शेपटीखाली सूज आली होती. भिजवलेल्या हरभऱ्याएवढी, मग त्याहून मोठी. मी शेतकऱ्याच्या घरची. गाय माजावर येते तेव्हा कशी दिसते हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण आमच्या घरात तो शब्द बायका बोलत नसत. आई वडिलांना फक्त म्हणायची, "गाय ओरडून राहिली." तेवढ्यावरून वडील समजायचे. माशा ओरडतही नव्हती. मला वाटलं गाईसारखा माज दोन दिवसांत उतरेल. नाही उतरला. मी कोणालाच सांगितलं नाही. ह्यांनाही नाही.

मग शेपटीचे केस गेले. उंदराच्या शेपटीसारखी उघडी शेपटी, मग कमरेवरचे केस, मग पोटाचे. तेव्हा मी काकाजींना दाखवलं. ते म्हणाले, खरूज आहे. गंधक आणि खोबरेल लावलं. मग रोज विचारायचे, "अजून काही?"

मी म्हणायची, "नाही."

रोज विचारायचे. मी रोज 'नाही' म्हणायची. भांडी घासताना मी ठरवायची की उद्या सांगेन, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या समोर उभी राहिले की परत 'नाही'च निघायचं. चौथीत गुरुजींनी उभं केलं की असंच व्हायचं. तेव्हा फार तर छडी बसायची.

एप्रिल संपला आणि भिलाईचा तो उन्हाळा सुरू झाला. माशाच्या जातीला ऊन सोसत नाही. काकाजींनी स्वतःचा कूलर उचलून आमच्या बाजूच्या खिडकीत बसवला, वाळ्याची नवी टट्टी लावली, आणि स्वतः ओला पंचा डोक्यावर टाकून बसायचे. माशा खाईना. पहिल्यांदा फुलं जुळवली तेव्हा हिरडी फिक्या फुलाशी जुळली. लोखंडाचं औषध सुरू झालं, आणि कलेजी. काकाजी माळकरी. पण मी चिरलेले तुकडे मोठे होतात म्हणून ते कोणाला हात लावू देईनात. गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवायची, नाकाला उपरणं बांधायचं, फरशीच्या तुकड्यावर कलेजी बारीक करायची, आंघोळ करायची, माळ परत घालायची. असं दिवसातून दोनदा. तोंडाने चालूच, "खा, मुर्दाडे. तुयासाठी देवाले खुंटीवर टांगून राहिलो."

तरी ती वाळत गेली. मागचे पाय लुळे पडायला लागले, तेव्हा दिवसा काकाजी तिला उचलून आपल्या खोलीत, नजरेसमोर ठेवू लागले. पोटाच्या उघड्या कातडीवर मुंग्या चावल्यासारखे बारीक लाल ठिपके आले, दाबले तरी जाईनात. काकाजींच्या शिव्या कमी व्हायला लागल्या. मी भिंतीला कान लावून त्या मोजायची म्हटलं तरी चालेल. सकाळी चार ऐकू आल्या तर पोळ्या नीट लाटल्या जायच्या. एखादीच आली तर पोळी तव्यावर जळायची.

मे महिन्यातली दुपार होती. बाहेर लू वाहत होती. मी स्टोव्ह पेटवत होते आणि भिंतीपलीकडून काकाजींचा आवाज आला. हळू, अगदी मऊ.

"थकल्या का, माशाबाई? पडा तुमी. पडा."

माझ्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी मला कळलं नाही. मी तशीच उठले. पडवीतून त्यांच्या दारापर्यंत सात पावलं असतील, ती मला आठवत नाहीत. ते खाटेजवळ स्टुलावर बसले होते. टोपी काढून ठेवलेली. माशा ओल्या गोणपाटावर पडली होती, ओठ थोडा उघडा, आणि त्याच्याशी पांढरं फूल टेकलेलं. हिरडी कुठे संपते आणि फूल कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, "उन्हाचं खणू नको. संध्याकाळी पाहू."

"काकाजी," मी म्हणाले, "एक सांगायचं राहिलं."

"सांग."

मी चौकट धरून उभी राहिले. तोंड उघडलं, मिटलं. ते वाट बघत होते. मग त्यांनी काय केलं, तर स्टूल उचललं, उलटं फिरवलं आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर बसले. नाक भिंतीपासून वीतभर.

"मी तुले नाही विचारत," ते म्हणाले. "मी भिंतीले विचारून राहिलो. भिंत, माशाले अजून काय होते?"

मी त्यांच्या मानेकडे बघून सांगितलं. "शेपटीखाली फुगलं आहे. होळीपासून."

"ते मी पाह्यलं. मले वाटलं या जातीच्या माद्यायचं असंच असते. पहिले नव्हतं?"

"नव्हतं. मी तिले तिकडं रोज धुवत होती. होळीनंतर आलं. उतरलंच नाही."

"माजावर आहे म्हणते तू."

"हो."

"दोन महिने झाले."

"हो."

"अन् मी रोज विचारत होतो तवा?"

"मले लाज वाटली."

मला वाटलं, आता उठतील आणि खोली खाली करा म्हणतील, आणि ते बरोबरच होईल. ते भिंतीला म्हणाले, "भिंत, तुयी लाज या मुक्या जिवावर आली पाह्य." मग आणखी हळू, "अन् माही अक्कल. आली तवाच तिची शेपटी उचलून पाहाले पाहिजे होती."

ते उठले. टोपी घातली. माशाला गोणपाटासकट उचलून तोंडासमोर धरलं आणि इतक्या जोराने ओरडले की ओळीतल्या दोन दारांच्या कड्या वाजल्या. "ऊठ वं भवाने! मरायले निघाली का मले न सांगता? लग्न नाही झालं म्हणून जीव देते का कोणी?"

राऊत नंतर म्हणाला, काकाजींनी दिलेलं 'तुम्ही' परत घेतलं असं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, पण माझ्याकडे न बघता, माशाच्या पायांशी बोलत. गाईचा माज आपोआप उतरतो. हिच्या जातीत नर मिळाल्याशिवाय उतरत नसावा. अंगात तो रस नुसता साचत राहतो, त्याने केस जातात आणि हाडाच्या आत जिथे रक्त तयार होतं ती जागाच बंद पडते. म्हणून लोखंड देऊन, कलेजी देऊन काही होत नाही. चुलीत जाळच नाही, तर वर कितीही तांदूळ टाका. असं त्यांनी आजवर कुठे वाचलं नव्हतं, हा त्यांचा अंदाज होता. अंदाज हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला आणि मला दोन्ही वेळा धडकी भरली.

शेजारणीने ऐकलं आणि सुचवलं की मागच्या माळावर मुंगसं आहेत, एखादा नर धरून आणावा. काकाजी म्हणाले, "तुया पोरीले वाघाले देजो, मग मी हिले मुंगसाले देतो."

त्याच उन्हात ते बसने दुर्गला गेले. माज उतरवायचं एक इंजेक्शन असतं, गाईंना देतात, ज्या बायकांना मूल होत नाही त्यांनाही देतात. ते बर्फात गुंडाळून घेऊन आले. पण गाय चारशे किलोची आणि ही किती? किराणेवाला तराजूत जनावर ठेवू देईना. म्हणाला, मी यात साखर तोलतो. शेवटी काकाजींनी माशाला कोटाच्या बाहीत घातलं, बाहीची दोन्ही तोंडं बांधली आणि म्हणाले, "आता हे कापड आहे. तोल." पाऊण किलोच्या आत भरली, बाहीसकट.

औषध त्यांनी तीन वेळा पातळ केलं. चहाच्या भांड्यात सुई उकळली. मी माशाला धरलं. तिला मानगुटीला धरलं तर तिने जांभई दिली नाही. काकाजींनी सुई दोनदा उजेडात धरून औषध बघितलं. आणि ते गप्प होते. 'तू' नाही, 'तुम्ही' नाही. मला शिवी हवी होती, एक तरी. त्यांनी सुई टोचली, काढली, बोटाने दाबून धरलं, आणि भांडं विसळायला निघून गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते लिहिता येणार नाही. हे ड्यूटीवरून आले की आधी माझं तोंड बघायचे, मग पेटी. मी सकाळी उजाडताच तिन्ही फुलं घेऊन बसायची. पांढरं. दुसऱ्या दिवशी पांढरं. तिसऱ्या दिवशी पांढरं. ती फक्त मध लावलेलं बोट चाटायची, अंड्याचा बलक दोन-चार थेंब. काकाजी बसायचे आणि उठायचे, तोंडातून शब्द नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मी पेटी साफ करताना बघितलं. सूज बसायला लागली होती, कातडी सुरकुतली होती.

मी माशाला घेऊन त्यांच्या दारात गेले. ते माझ्याकडे बघत होते, पाठ न करता. मी तशीच, तोंडावर सांगितलं, "काकाजी, माज उतरून राहिला तिचा."

तो शब्द माझ्या तोंडून त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मग माशाकडे वळून म्हणाले, "ऐकलं का, हरामखोर? आता नखरे बंद. खा." मी पडवीत येऊन खांबाला डोकं टेकून रडले.

आठवड्याने दुसरं इंजेक्शन दिलं. हिरडीला फिक्या फुलाचा रंग यायला जूनचा शेवट उजाडला. शेपटीवर आधी मखमल फुटली, मग केस. पण मागचा डावा पाय ती कायम थोडा ओढत चालली.

मॅडम परत आली तेव्हा मी पेटी घेऊन उभी होते. काकाजी माझ्यासोबत आले होते, कोणी बोलावलं नव्हतं तरी. मॅडमने माशाला उचललं, शेपटीवरून हात फिरवला, पायाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. काही विचारायच्या आत काकाजींनी सुरुवात केली. "तुले अक्कल आहे का, बाई? लग्नाच्या वयाची पोरगी दुसऱ्याच्या घरी टाकून जाते? मरत होती ते. या पोरीनं वाचवली." मॅडमला एक अक्षर कळलं नाही. ती त्यांच्या गळ्यातच पडली. काकाजी हात बाजूला ताठ धरून उभे राहिले, आणि घरी येऊन त्यांनी आंघोळ केली.

या पोरीनं वाचवली, असं ते म्हणाले. ते खरं नव्हतं. मारत होती तीही मीच. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. काकाजींनीही कधी कोणाला सांगितलं नाही. भिंतीला माहीत होतं, बस.

नंतर ह्यांची बदली खदानीवर झाली आणि आम्ही नंदिनी नगरला क्वार्टरमध्ये राहायला गेलो. जाणं-येणं कमी झालं. सणाला मी फराळ पाठवायची, ते रिकाम्या डब्यात सदाफुलीचं बी घालून परत पाठवायचे. मग राऊताकडून कळलं की काकाजींनी अंथरूण धरलंय, पुतण्या आलाय, आणि ते खात नाहीत.

मी पेज करून घेतली आणि बसने गेले. त्याच खोलीत, त्याच खाटेवर होते. पुतण्या बिचारा चांगला होता, वाटी घेऊन बसला होता. म्हणत होता, काका, तुम्ही थोडं घ्या, काका, तुम्ही एवढं ऐका. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुतण्या मला म्हणाला, चार दिवस झाले, एकच बोलतात. रोज सकाळी आरसा मागतात आणि आरशात बघून म्हणतात, "बसा, साहेब. लय केलं तुमी. आता बसा."

पुतण्याला त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्या खोलीत फक्त मला माहीत होता.

डब्यांतल्या सदाफुल्या बाहेर होत्या, पण मला फूल आणून बघायची हिंमत झाली नाही. मी पेज वाटीत ओतली आणि स्टुलावर बसले. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पांढऱ्या केसांची मान दिसत होती. मी त्यांना सगळा जन्म काकाजी म्हटलं, तुम्ही म्हटलं, मान वर करून बोलले नाही. पण एकदा दिलेलं 'तुम्ही' परत घेतलेलं मी या खोलीत बघितलं होतं. मी मानेकडे बघितलं आणि म्हणाले,

"ऊठ रे, म्हाताऱ्या. बह्याड. मरायले निघाला का मले न सांगता?"

पुतण्याच्या हातातला चमचा पडला. काकाजी हलले नाहीत. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला, चाचपला, जसं म्हशीचं पोट चाचपायचे.

"भिंत बोलली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "हो. अन् ऊठ म्हणते."

ते वळायला बराच वेळ लागला. पुतण्या धरायला गेला, त्याला त्यांनी हाताने बाजूला केलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे, ओठांकडे, पूर्वीसारखं. मग वाटीकडे.

"आण इकडं, भवाने," ते म्हणाले.